सरसाच्या कमानी

नांदेडला आमच्या थोरल्या काकांची लाकडाची वखार होती. वडील शाळेत शिकवायचे, त्यामुळे वखार काकांकडेच आली. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की मी घरी जाण्याऐवजी वखारीत जायचे, आणि काकू मला तिथंच लाकडाच्या थप्पीवर बसवून खायला द्यायची. काका तोंडाने कमी बोलायचे. फळीवर बोटाच्या पेराने ठोकायचं, कान द्यायचा आणि "हाव, ही चांगली" किंवा "न्हाई, ही आतून गेलीय" एवढंच म्हणायचं.

काकूचं माहेर औशाकडच्या एका खेड्यात होतं. भूकंप झाला त्या वर्षी गणपतीला ती माहेरी गेली होती. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली. आमच्याकडे नांदेडला फळीवरची भांडी वाजली, खाट सरकल्यासारखी वाटली, तेवढंच. आम्ही गल्लीत उभे राहून एकमेकांना विचारत होतो, तुमच्याकडे पण का? उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. काका मिळेल त्या गाडीने निघाले. परत आले तेव्हा एकटेच आले.

तिथं काय पाहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला मात्र पुढे एकदा सांगितलं. त्या भागातली घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. गळायला लागलं की दरसाल वर आणखी माती टाकायची. असं करत करत एकेका घराच्या डोक्यावर शेतातल्या बांधाएवढी माती चढलेली असायची.

"त्या घराच्या तुळया माझ्याच वखारीतल्या," काका म्हणाले. "लग्नानंतर सासऱ्यांनी घर वाढवलं, तवा मीच निवडून दिल्या होत्या. एक बी तुळई मोडली न्हवती, माय. भिंती सरकल्या अन् त्या जशाच्या तशा खाली आल्या."

त्यानंतर कुणाच्याही घरात शिरलं की काका आधी वर पाहायचे. यजमान "या, बसा" म्हणत असायचा आणि यांची नजर छताला. लातूरकडचे लोक तेव्हा दगडी भिंतीला भीत होते, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. काकांना भीती वजनाची होती. ते म्हणायचे, जमीन हलायचीच, ते आपल्या हाती न्हाई. पण डोक्यावर काय ठेवायचं, ते तर हाय.

वखारीत प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, फ्लश दरवाजे हे सगळं असायचंच. लाकूड चिकटवून केलेला माल म्हणजे खालच्या दर्जाचा, असं लोक समजायचे. सागवान परवडत नाही म्हणून प्लाय, असा हिशेब. काका स्वतःही तसंच समजायचे. भूकंपानंतर साधारण वर्षाने ते दक्षिणेत कुठल्याशा कारखान्यात माल बघायला गेले आणि तिथं त्यांनी चिकटवलेल्या तुळया पाहिल्या. पातळ फळ्या एकावर एक सरसाने चिकटवायच्या, दाबून ठेवायच्या, आणि सरस ओला असतानाच हव्या त्या वळणात वाकवायच्या. वाळलं की एकसंध कमान तयार. दगड नको, माती नको, मध्ये खांबसुद्धा नको.

परत आले तेव्हा काकू गेल्यापासून पहिल्यांदा ते जेवताना बोलत होते. वडिलांना प्लायवूडचा तुकडा हातात देऊन समजावत होते. एका पापुद्र्यातली लाकडाची रेघ आडवी, दुसऱ्याची उभी, म्हणून हे तडकत नाही. तुळईत मात्र सगळे थर एकाच दिशेनं, म्हणून ती भार घेते आणि वाकते. वाकते पण मोडत नाही. भूकंप आला तर झुलेल.

वखारीच्या मागे त्यांनी शेड उभारली, थर दाबून धरायला लोखंडी शिकंजे करून घेतले आणि तुळया बनवायला सुरुवात केली. कामगार तिला थराची तुळई म्हणायचे. सरसाचा वास असा तिखट, की मी दारातून आत गेले की डोळ्यांतून पाणी यायचं. पहिली तुळई तयार झाली तेव्हा ती दोन दगडांवर आडवी ठेवून काका आणि मी तिच्यावर मधोमध उभे राहिलो. ती किंचित दबली आणि थांबली. काका हसले. मी त्यांच्या हाताला धरलं होतं.

सरस दोन प्रकारचा मिळायचा. एक गडद तांबडा, त्याला पाण्याचं भय नाही, पण तो मुंबईहून मागवावा लागे आणि वेळेवर येत नसे. दुसरा पांढऱ्या भुकटीचा, पाण्यात कालवायचा, सहज मिळणारा. तो वाळला की दगडासारखा, पण ओल सहन न होणारा. घरातल्या कामाला, कोरड्या छपराला काका तोच वापरत. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एकच वाक्य सांगायचे, "कोरडं ठेवा. कोरडं ठेवलं तर तुमचा नातू बी याच्याखाली बसंल."

लोकांना ती छपरं आवडली. भूकंपाची भीती ताजी होती, त्यामुळे हलकं छप्पर म्हटलं की शाळावाले, संस्थावाले बोलवायचे. लातूरला एका शिक्षणसंस्थेचं सभागृह त्यांनी असंच बांधलं. दोन्ही बाजूंनी जमिनीपासून निघालेल्या कमानी वर जाऊन एकमेकींना भेटायच्या, कमानींच्या पाठीवर प्लायवूड आणि त्यावर पत्रा. आत उभं राहिलं की उलट्या होडीत उभं राहिल्यासारखं वाटे. उद्घाटनाला काकांना शाल-श्रीफळ दिलं. कमानी पॉलिशने चमकत होत्या. काका हार गळ्यात तसाच ठेवून वर बघत बसले होते.

मग लातूरला क्लासेसचं पीक आलं. सगळ्या मराठवाड्यातून पोरं येऊन राहायला लागली, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायला. गल्लीगल्लीत खोल्या, मेस, अभ्यासिका. दहावीनंतर मलाही वडिलांनी तिथं पाठवलं. क्लासमध्ये पाऊल टाकलं आणि मी थबकले. संस्थेने सभागृह क्लासला भाड्याने दिलं होतं. माझ्या डोक्यावर काकांच्या कमानी होत्या.

मला त्याचा अभिमान वाटला. शेजारी बसणाऱ्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, हे छप्पर माझ्या काकांनी केलंय. ती हदगावची होती, शेतकऱ्याची पोर, घरातली दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच मुलगी. ती वर बघून म्हणाली, "लाकडाचं हाय? मला वाटलं लोखंडाला रंग दिलाय." पुढे आम्ही एकाच खोलीत राहायला लागलो. ती पहाटे उठून माझ्या अंगावरचं पांघरूण ओढायची आणि म्हणायची, "उठ, डॉक्टरीणबाई."

त्या सभागृहात खूप पोरं बसायची. इतकी, की शेवटच्या बाकावरून फळा दिसायचा नाही. उन्हाळ्यात आत जीव घाबरा व्हायचा म्हणून क्लास चालवणाऱ्या सरांनी मोठमोठे कूलर आणले होते. खिडक्या बंद, आणि कूलर दिवसभर चालू. एक कूलर तर मागच्या दारातच बसवला होता, त्यामुळे ते दार कायमचं बंद झालं होतं. शहरात लोक टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे असायचे, पण क्लासच्या कूलरला पाणी कमी पडलं नाही. आत शिरलं की ओल्या गवताचा वास यायचा. वह्यांची पानं मऊ पडायची. हे सगळं मी यायच्या आधीपासून, काही उन्हाळे चाललेलं होतं.

बाकावर अधूनमधून पांढरी भुकटी पडायची. आम्हाला वाटायचं खडूची. मैत्रीण फुंकर मारून ती उडवायची आणि वही उघडायची.

काका दर रविवारी डबा घेऊन यायचे. नांदेडहून एसटीने यायचे, खोलीवर डबा द्यायचे, मग म्हणायचे, "चल, क्लास बघून येऊ." बारावीच्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हाच्या एका रविवारी क्लास रिकामा होता, आणि साफसफाईसाठी दार उघडं होतं. काका आत शिरले आणि जागीच थांबले. त्यांनी हवेचा वास घेतला.

"इथं ओल कशाची?"

मी कूलर दाखवले. ते एकेका कूलरजवळ गेले, जाळीला हात लावून पाहिला. मग बाकावरची भुकटी बोटावर घेतली, चिमटीत चोळली आणि जिभेला लावली. त्यांचा चेहरा बदलला.

"किती दिवसांपासून पडती ही?"

"नेहमीच पडते. खडू असेल."

"खडू मागच्या बाकावर कसा येईल, माय?"

त्यांनी शिडी मागवली. मी खाली धरून उभी होते. वर ते एका कमानीच्या बाजूला कान लावून बराच वेळ होते. खिशातल्या चाकूचं पातं त्यांनी दोन थरांच्या मध्ये टेकवलं, आणि ते आत गेलं. जोर लावावा लागला नाही, हे मला खालून दिसलं. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि बऱ्याच कमानींवर, थरांना आडवी जाईल अशी एकेक सरळ रेघ मारली. खाली उतरल्यावर मी विचारलं, रेघ कशाला?

"थर जागेवर असले तर रेघ सरळ राहील."

मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "तू दाराजवळ बसत जा. पुढच्या दाराजवळ."

मी मैत्रिणीलाही दाराजवळ बसवलं. ती कुरकुरली, तिथून फळा चकाकतो म्हणून. मी तिला कारण सांगितलं नाही, कारण मलाच ते नीट कळलं नव्हतं. पण त्या आठवड्यात मी धडा कमी ऐकला आणि छत जास्त. कूलरच्या घरघरीत मधूनच एक बारीक आवाज यायचा, टक्. सुकी शेंग फुटावी तसा. कुणी मान वर करत नव्हतं. एकदा सर शिकवता शिकवता थांबले, वर पाहिलं, "पत्रा तापतोय," म्हणाले आणि पुढचं गणित घातलं.

पुढच्या रविवारी काका आले ते डबा न आणता. शिडीवर चढले आणि मला वर बोलावलं. मी पहिल्यांदाच त्या कमानी इतक्या जवळून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी रेघ सरळ होती. पण मधल्या दोन कमानींवर ती तुटलेली होती. वरच्या थरावरचा तुकडा एकीकडे, खालच्या थरावरचा दुसरीकडे. मध्ये सुताएवढं अंतर. एका आठवड्यात थर तेवढे सरकले होते.

आम्ही सरांच्या घरी गेलो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"सर, आजच खाली करा," काका म्हणाले. "मी माझ्या खर्चानं टेकू लावतो. पण आधी पोरं बाहेर काढा."

"काका, सीईटी तोंडावर आलीय. एवढी पोरं कुठं नेऊ? लातूरात एक हॉल रिकामा नाही." सर समजुतीने बोलत होते. "कूलर बंद ठेवतो. परीक्षा होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

"आता कूलर बंद केल्यानं लाकूड वाळंल, अन् वाळताना आणखी ओढंल. आता थांबून उपेग न्हाई."

"तुम्हीच बांधलंय ना ते? इतकी वर्षं उभं आहे की." सर हसले, मग हसू आवरून म्हणाले, "काका, तुमच्या घरी जे झालं ते मला ठाऊक आहे. भूकंपातून उठलेल्या माणसाला सगळीच छपरं पडताना दिसतात. आमच्या आईचंही तसंच झालंय."

काकांनी चहाचा कप तसाच ठेवला. तिथून ते संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथले मुख्य साहेब बाहेरगावी होते. काका नांदेडला परतले नाहीत. लॉजवर राहिले. मला त्यांनी क्लासला जायचं नाही अशी ताकीद दिली. पण दुसऱ्या दिवशी शेवटची मोठी सराव परीक्षा होती, आणि मी छपराचं सांगूनही मैत्रीण निघाली म्हणून मीही निघाले. खोलीवर एकटीला बसवेना.

दुपारी पेपर चालू होता. कूलर बंद होते, त्यामुळे शांतता होती, आणि त्या शांततेत टक् टक् चांगलं ऐकू येत होतं. काही पोरं आता वर बघायला लागली होती. पेपर अर्ध्यावर आला असेल तेव्हा मोठा आवाज झाला. कापडाचं ठाण टरकावं तसा, लांब. सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "काही नाही, काही नाही, पेपर सोडवा."

काका दारात होते. ते केव्हापासून तिथं उभे होते मला माहीत नाही. माझी त्यांची नजरानजर झाली. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आयुष्यात कधी काढला नसेल असा आवाज काढून ओरडले.

"भूकंप! पळा! भूकंप!"

लातूरात तो शब्द दुसऱ्यांदा ऐकायची गरज कुणाला नव्हती. माझे पाय माझ्याआधी उठले. बाक उलटले, पॅड, पेनं, चपला सगळं तुडवत सगळे एकाच दाराकडे धावले. मागच्या दारात कूलर होता. काही पोरांनी तो ढकलायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. आम्ही दाराशीच होतो म्हणून आधी बाहेर पडलो, पण मागून आलेल्या लोंढ्यात मैत्रीण पायरीवर पडली. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते. ती उठली तेव्हा उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता आणि मनगट वेडंवाकडं दिसत होतं.

बाहेर मैदानात आम्ही सगळे उभे राहिलो आणि जमिनीकडे बघू लागलो. आरडाओरडा भिंतीपलीकडे गेला होता. आजूबाजूच्या घरांतून माणसं रस्त्यावर आली होती. एक म्हातारी कडेवर नातू घेऊन, डोळे मिटून उभी होती. जमीन हलत नव्हती. झाडावरचं पान हलत नव्हतं.

मी दारातून आत पाहिलं. काका उलटलेल्या बाकांच्या मधोमध एकटे उभे होते, मान वर करून. सर त्यांना बाहेरून हाका मारत होते. ते हलत नव्हते. मला एकदम कळलं की ते छप्पर पडायची वाट बघताहेत. आणि त्यांच्यासाठी मलाही वाटलं की ते पडावं, त्यांनी बाहेर यावं आणि ते पडावं.

ते पडलं नाही.

पोलीस आले. काकांना ठाण्यात घेऊन गेले. संध्याकाळी सरांनीच मध्यस्थी करून सोडवलं. हवालदारासमोर ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, बायको भूकंपात गेलीय त्यांची." काका मान खाली घालून ऐकत होते. त्या वाक्यानं त्यांना जेवढं लागलं तेवढं ठाण्यात बसवल्यानं लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मैत्रिणीचे वडील आले. हदगावहून, अंगावर शेतातलेच कपडे. तिच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की परीक्षेपर्यंत पेन धरता येणार नाही. काका दाराशी उभे होते. तिचे वडील त्यांच्यासमोर जाऊन थांबले.

"तुम्हीच का ते?"

"हाव."

"भूकंप झाला का?"

"न्हाई."

"छप्पर पडलं का?"

"न्हाई," काका म्हणाले.

ते काकांकडे बघत राहिले. हात उचलतील असं मला वाटलं. त्यांनी तो उचलला नाही. "माझ्या पोरीचं वर्ष गेलं," एवढं बोलून ते आत गेले. मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं माझ्याकडेही पाहिलं नाही. दोन दिवसांनी ती गावी गेली. खोलीतलं तिचं सामान तिच्या भावाने येऊन नेलं.

पण त्या दिवसानंतर पालकांनी पोरांना त्या सभागृहात पाठवायला नकार दिला. सरांना दुसरीकडे जागा शोधावीच लागली, आणि लातूरात एक हॉल रिकामा निघालाच. संस्थेनं एका इंजिनिअरला बोलावलं. ते वर चढले, पोलादी पट्टी थरांत घातली, आणि खाली येऊन म्हणाले की आधी टेकू लावा, मग बोलू. छप्पर उतरवायचं ठरलं. उतरवायला काका आपले कामगार घेऊन गेले. परीक्षा होऊन गेली होती, म्हणून मीही गेले.

बाजूच्या कमानी चांगल्या होत्या. जड, एकसंध, ठोकल्यावर घंटेसारख्या वाजणाऱ्या. मधल्या दोन मात्र दोरावर सोडून जमिनीला टेकवल्या आणि त्यांचे थर सुटे झाले. जुन्या पोथीची पानं सुटावीत तसे. आतल्या बाजूला सरस राहिलाच नव्हता, नुसतं पीठ होतं. सर बघायला आले होते. त्यांनी एक फळी उचलून उलटसुलट केली.

"काका, त्या दिवशीच पडलं असतं का हे?"

काकांनी थरातलं पीठ बोटावर घेतलं. "सांगता येत न्हाई, सर," ते म्हणाले. "त्या दिवशी पडलं असतं, न्हाईतर दिवाळीत."

सरांनी फळी खाली ठेवली आणि हात झटकले. ती पांढरी भुकटी त्यांच्या काळ्या पँटवर राहिली.

मला मेडिकल मिळालं नाही. मी नांदेडला बीएस्सी केलं आणि शाळेत लागले. काकांनी शेड बंद केली, शिकंजे भंगारात दिले. पण जिथं जिथं थराच्या तुळया दिल्या होत्या तिथं तिथं ते जायला लागले. हातात लाकडी मोगरी घेऊन. अहमदपूरच्या बाजूला एका शाळेत मी त्यांच्यासोबत गेले होते. मुख्याध्यापकांनी कौतुकाने वर्ग दाखवला. काका वर ठोकत पुढे गेले आणि एका कोपऱ्यात थांबले. त्या वर्गात पोरांची खिचडी शिजत होती. वाफ सरळ तुळईवर जात होती. चूल बाहेरच्या पडवीत हलवेपर्यंत काका तिथून निघाले नाहीत. काही ठिकाणी लोक आदराने बोलवायचे. काही ठिकाणी लातूरची गोष्ट आधीच पोचलेली असायची, आणि फाटकातूनच "सगळं ठीक हाय, काका" म्हणून परत पाठवायचे. तिथं ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून छपराची रेषा न्याहाळायचे.

माझं लग्न झालं, मुलगी झाली. मैत्रिणीची काही खबर नव्हती. मग एके दिवशी शाळेत माझ्यासाठी फोन आला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. तिनं नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. ती आता गावाजवळच्या शाळेवर शिक्षिका होती. थोडी इकडची तिकडची चौकशी झाली. मग ती म्हणाली, "आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न हाय. इथल्या मंगल कार्यालयात. काल बघायला गेले होते. बाहेरून बघितलं तर छप्पर तसंच हाय. लातूरसारखं. मालकाला विचारलं तर म्हणे, नांदेडच्या वखारवाल्यानं केलेलं."

मी फोनजवळची खुर्ची ओढून घेतली.

"आतून काही दिसत न्हाई," ती म्हणाली. "खाली पीओपी करून झुंबरं लावलीत. काका हायत का गं? त्यांना घेऊन ये."

काका तेव्हा थकले होते. निरोप ऐकून त्यांनी फक्त टोपी शोधली. त्या छपराकडे ते पूर्वी दोनदा जाऊन आले होते, आणि दोन्ही वेळा मालकाने आत घेतलं नव्हतं. आम्ही पोचलो तो लग्नाचा आदला दिवस होता. मालक दारातच म्हणाला, "पीओपी फोडायची? लग्नसराईत? डोकं ठिकाणावर हाय का?" आतल्या बाजूला स्वयंपाकघर होतं. त्याची भिंत वरपर्यंत गेली नव्हती, मोठमोठ्या पातेल्यांची वाफ त्या फटीतून पीओपीच्या वर शिरत होती. काकांनी ती मला बोटानं दाखवली. पीओपीवर एका ठिकाणी पिवळसर डाग होता, परातीएवढा.

तेवढ्यात मैत्रिणीचे वडील आले. केस पांढरे झालेले. त्यांनी काकांना ओळखलं आणि ते थांबले. मैत्रीण मध्ये काही बोलणार होती, त्यांनी तिला हाताने गप्प केलं.

"काय म्हणता तुम्ही?" त्यांनी काकांना विचारलं.

"वर काय हाय ते दिसत न्हाई," काका म्हणाले. "चांगलं बी असंल. मी या वेळी ओरडणार न्हाई. तुम्ही ठरवा."

त्यांनी वर पाहिलं. झुंबरं, डाग, मग बाजूला मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगा. मग मुलीच्या हाताकडे पाहिलं. तिचं मनगट नीट जुळलं नव्हतं, अजून थोडं बाहेर वळलेलं होतं.

"मांडव बाहेर घाला," ते म्हणाले.

मालक भांडला. घरातल्या बायका नाराज झाल्या. उन्हाचं काय, वऱ्हाडाचं काय, लोक काय म्हणतील. मैत्रिणीचे वडील कुणाशी वाद घालत बसले नाहीत, स्वतः बांबू उचलायला लागले. दुसऱ्या दिवशी लग्न मोकळ्या जागेत, कापडी मांडवाखाली लागलं. धूळ उडत होती, पाहुणे घाम पुसत होते, आणि नवरदेवाकडचा एक मामा शेवटपर्यंत कुरकुरत होता की एवढा हॉल असताना ही काय पद्धत. काकांना मैत्रिणीनं पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं.

लग्नसराई संपल्यावर मालकाने त्या डागाजवळची पीओपी काढली. काकांना नाही, दुसऱ्या कुणाला बोलावून. पण निरोप मैत्रिणीनं कळवला. एक कमान थरांतून उघडली होती, बाकीच्या ठीक होत्या. उघडलेल्या कमानीखाली मालकाने लोखंडी खांब दिलाय. तो नेमका हॉलच्या मधोमध येतो. लग्नाला आलेले लोक त्याला फुलांच्या माळा गुंडाळतात आणि वधूवरांच्या खुर्च्या थोड्या डावीकडे सरकवून मांडतात.